दुसऱ्यांदा न विचारलेला प्रश्न

या मंडळी, सरका पुढे. ही गोष्ट दारात उभं राहून ऐकायची नाही, मांडीला मांडी लावून ऐकायची आहे. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही, चोर-दरोडेखोर नाहीत. कुणी कुणाला शिवी दिलेली नाही, कुणी कुणावर हात उगारलेला नाही. सगळी माणसं सभ्य, सगळी गोड बोलणारी. आणि तरी या सभ्य माणसांनी मिळून एका बाईला काय केलं, ते ऐका. फसवलं म्हणावं, तर फसवलंही नाही. नुसतं थांबवून ठेवलं.

एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहत. गल्ली त्यांना चौकशीकाका म्हणे, कारण त्यांची सारी नोकरी बसस्थानकाच्या चौकशीखिडकीमागे गेली होती. काचेला एक गोल भोक, भोकाच्या आत काका, आणि बाहेर जग. काका गमतीने सांगत, "आयुष्यभर लोकांनी मला हजार गोष्टी विचारल्या, पण 'कसे आहात' हे काही एकानेही विचारलं नाही." माणूस सरळ, कामाला चोख, पण एका बाबतीत फार कडक. एकदा उत्तर दिल्यावर जो पुन्हा येऊन तेच विचारी, त्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "शहाणा माणूस एकदा विचारतो आणि बाकावर जाऊन बसतो," असं ते म्हणत. हा त्यांचा धर्मच होऊन बसला होता.

त्या सकाळी काका ओट्याशी उभे राहून भाजी चिरत होते. न्हाणीघराच्या बाहेर, स्टुलावर, धाकट्या मुलाचा फोन ठेवलेला होता आणि एक कान काकांनी त्याच्याकडे लावलेला होता.

आतून आवाज आला, "बाबा, वाजला का?"

"नाही वाजला. तू डोक्याचा साबण धू आधी."

तेवढ्यात तो वाजला. धाकटा तसाच टॉवेल गुंडाळून, डोळ्यांत फेस गेलेला, बाहेर धावला. काकांनी फोन कानाला लावून खाली ठेवला.

"कोण होतं?"

"एक बाई. कर्ज हवंय का विचारत होती. म्हटलं, नको, आमचंच एक उत्तर बाहेर थकलंय."

दोघंही हसले. त्या घरात हल्ली हसू आलं की ते असंच फोनच्या आजूबाजूने येई.

धाकट्याने एका मोठ्या सल्लागार कंपनीत अर्ज केला होता. ही कंपनी दुसऱ्या कंपन्यांना सल्ले देते: तुमचा खर्च कुठे वाया जातो, तुमची माणसं कुठे रखडतात. पहिली मुलाखत चांगली झाली. दुसरीत त्याला कोडं घातलं, की एका दवाखान्यात रोगी फार वेळ ताटकळतात, तर तू काय करशील? धाकट्याने असं काही उत्तर दिलं की समोरचे दोघं एकमेकांकडे बघून मान डोलवायला लागले. घरी येऊन त्याने ते साभिनय सांगितलं तेव्हा काका म्हणाले होते, "म्हणजे लोकांना ताटकळत कसं ठेवू नये, हे विकायचा धंदा आहे तर." तिसरी आणि शेवटची मुलाखत मोठ्या साहेबांपुढे होती. तिची तारीख ठरली, आणि साहेब परदेशी गेले. दुसरी ठरली, तर साहेबांकडे पाहुणे आले. मग मुलाखतींची व्यवस्था बघणाऱ्या बाईंचा फोन आला, की साहेब मोकळे झाले की त्याच दिवशी बोलावतील, तेव्हा शहर सोडून कुठे जाऊ नका, आम्ही कळवतोच.

त्यानंतर काही नाही. धाकट्याने एकदा मेसेज करून विचारलं. उत्तर आलं, "कळवतो." बस.

या एका शब्दावर ते घर ताटकळत उभं राहिलं. इस्त्री केलेला सदरा दाराच्या मागे टांगून राहिला आणि टांगल्या टांगल्या त्याला घड्या पडल्या. काकांनी तो उतरवून पुन्हा इस्त्री केली. धाकटा मित्रांत जाईनासा झाला. मधे एका शाळेतून त्याला गणित शिकवायला बोलावणं आलं, तेही त्याने टाळलं. इकडे बोलावलं आणि आपण तिकडे वर्गात असलो तर? कुकरची शिट्टी झाली तरी तो दचके.

आणि या सगळ्यात काकू घरी नव्हत्या.

काकूंचं हृदय अशक्त झालं होतं. थोरली मुलगी दिवसभराच्या प्रवासावरच्या दुसऱ्या गावी दवाखान्यात परिचारिका होती, म्हणून उपचारासाठी काकू तिच्याकडे गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, "महिन्याभरात परत येते, तोवर तुम्ही पोराजवळ राहा. तो एकटा असला की जेवत नाही." महिना उलटला, परतणं काही जमेना. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येई.

"अहो, जेवलात का दुपारी?"

"जेवलो."

"भात करपवला असेल."

"थोडासा."

"मग तळाशी खरवडू नका, वरचा वर काढून घ्या. सोन्या काय करतोय?"

"बसलाय. फोनकडे बघत."

"मग, कधी येताय दोघं?"

"त्याची मुलाखत झाली की निघालोच."

"आणि ती कधी आहे?"

"ते कळवतो म्हणालेत."

"बरं. मग तुम्ही मला कळवा."

"हो, कळवतो," काका म्हणत, आणि फोन ठेवत.

मंडळी, हा शब्द कसा उतरतो बघा. वरून साहेबाने बाईंना सांगितला, बाईंनी पोराला, पोराने बापाला, आणि बापाने बायकोला. प्रत्येकाने वरून घेतला आणि खाली दिला. सगळ्यांत खाली जी होती तिला द्यायला कुणी उरलं नव्हतं. तिने तो उशाशी ठेवला.

काकांना एकट्याला जाऊन येता आलं नसतं का? आलं असतं. पण काकांच्या मनात एक चित्र पक्कं बसलं होतं. आपण दोघं जाणार, दारातूनच सांगणार, "अगं, लागला बरं का तुझा सोन्या नोकरीला." रिकाम्या हातांनी आजारी माणसाकडे काय जायचं? चांगलं चित्र होतं. चांगल्या चित्रांपायी माणसं किती अडतात, हे देवालाच ठाऊक.

एक दिवस थोरलीचा फोन आला. आवाज दवाखान्यातला, कामाचा.

"बाबा, आईच्या पायांवर पुन्हा सूज चढलीये. डॉक्टर म्हणतात, औषधांनी दिवस रेटतोय आपण. तुम्ही दोघं येऊन जा."

"म्हणजे अगदी तसं काही..."

"मी रोज अशी माणसं बघते, बाबा. मला जास्त विचारू नका. या."

धाकट्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "मी त्यांना विचारतो. चार दिवस आईकडे जाऊन आलो तर चालेल का, एवढंच." त्याने फोनवर दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. साध्याच होत्या: आई आजारी आहे, मुलाखत इतक्यात नसेल तर मी जाऊन येतो, कृपया सांगावं.

काकांनी मान हलवली. "नको पाठवूस."

"का? विचारायला काय जातं?"

"एकदा विचारलंयस तू. ते कळवतो म्हणाले. आता दुसऱ्यांदा विचारलंस की तू गरजू दिसणार. मी खिडकीत आयुष्य काढलंय रे. एकच गाडी पुन्हा पुन्हा विचारायला येणारा माणूस दिसला, की मी पेपर डोळ्यांसमोर धरायचो. उत्तर माहीत असूनसुद्धा द्यायचो नाही. तुझ्याही मेसेजवर असाच कुणीतरी पेपर धरेल."

"मित्रही तेच म्हणतात," धाकटा हळू आवाजात म्हणाला. "सारखं विचारणाऱ्याला मागे टाकतात म्हणे."

"मग? आणि आईचं कारण सांगितलंस तर म्हणतील, याच्या घरी अडचणी आहेत, हा काय काम करणार. आठवडाभर थांब. ताईला जरा घाबरायची सवयच आहे."

थोरलीला घाबरायची सवय नव्हती. हे काकांनाही माहीत होतं. धाकट्याने बापाकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं, आणि लिहिलेलं सगळं एकेक अक्षर मागे येत पुसून टाकलं.

लोक म्हणतात, देव हाकेला उत्तर देत नाही. पण देवाला कितीदाही हाक मारा, तो कधी म्हणत नाही की हा फार वेळा आला, याचं नाव मागे टाका. उलट जो जास्त वेळा येतो तो त्याला जास्त जवळचा. आपण त्याच्या दारात रोज तेच मागणं घेऊन उभे राहतो, आणि माणसाच्या दारात दुसऱ्यांदा जायला मात्र आपल्याला लाज शिकवलेली असते. ही लाज कुणी शिकवली? जे उत्तर देत नाहीत, त्यांनी. त्यांच्या फार सोयीची आहे ती.

त्याच आठवड्यात एकदा काकूंनी सकाळी फोन केला आणि संध्याकाळी पुन्हा केला.

"अहो, कळलं का हो काही?"

काका त्या दिवशी कातावलेले होते. धाकटा दुपारी जेवला नव्हता. ते म्हणाले, "अगं, किती वेळा विचारशील? ठरलं की सांगणारच आहे ना मी. सारखं विचारलं म्हणून काही गाडी लवकर येत नाही."

मग काकू म्हणाल्या, "बरं."

"औषध घेतलंस का?"

"घेतलं."

त्या दिवसापासून त्यांचा फोन आला की त्या भाताचं विचारत, सोन्याचं विचारत, गल्लीतल्या नळाचं विचारत. येण्याचं विचारत नसत. काकांना हायसं वाटलं. मनात म्हणाले, बाई समजूतदार आहे.

मग एका सकाळी थोरलीने फोन केला आणि एवढंच म्हणाली, "निघा, बाबा."

मिळतील ते कपडे पिशवीत कोंबून दोघं जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर धाकटा थबकला.

"बाबा, आणि आज त्यांचा फोन आला तर?"

ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. काकांनी त्याचा दंड धरला आणि त्याला खाली नेलं.

वाटेत गाडी बदलायची होती. पुढची गाडी लागलेली दिसेना. काका चौकशीच्या खिडकीशी गेले. आत एक तरुण कारकून बसला होता. "येईल, थांबा," तो म्हणाला. काका बाकावर जाऊन बसले, पण बसवेना. पुन्हा उठले. "अहो, नक्की कधी येईल? माझी बायको..." कारकुनाने मान वर केली नाही. म्हणाला, "एकदा सांगितलं ना, काका." काकांना राग आला नाही. राग यायला आवाज परका लागतो. हा तर त्यांचाच होता.

ते पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. थोरली कामाच्या पांढऱ्या कपड्यांतच खाली फाटकाशी उभी होती. तिने काही न बोलता बापाच्या हातातली पिशवी घेतली. मग भावाला जवळ ओढलं.

"दुपारीच गेली," ती म्हणाली. "शांतपणे गेली."

पुढचं सगळं जगात होतं तसंच झालं. माणसं आली, रडली, गेली. तिसऱ्या दिवशी थोरली भांडी विसळत होती, तेव्हा काका तिच्यामागे येऊन उभे राहिले.

"माझ्याबद्दल काही म्हणाली का गं?"

थोरलीने नळ बंद केला. खोटं बोलणं तिच्या पेशात बसत नव्हतं. "शेवटी शेवटी विचारतच नव्हती, बाबा. मीच म्हटलं, आई, फोन लावून देऊ का, विचार ना कधी येतायत ते. तर म्हणाली, नको गं, त्यांना सारखं विचारलेलं आवडत नाही. कळवतील ते." तिने ओले हात पुसले. "फक्त कूस बदलून द्यायला सांगायची. दाराकडे तोंड करून."

काका ओट्याला धरून उभे राहिले.

घरी परतल्यावर धाकट्याने फोन बंद करून कपाटात टाकला. त्याने काही मागितलं नाही, काही विचारलं नाही. भिंतीला टेकून बसे. त्याला तसा बघून बघून एका सकाळी काकांनी स्वच्छ कपडे घातले आणि ते त्या कंपनीच्या इमारतीत गेले. काचेचे दरवाजे, गार हवा, मऊ खुर्च्या. सांगितलं, मुलाखतींचं बघणाऱ्या बाईंना भेटायचंय. थांबा म्हणाले. थांबले. कुणी येईना, तसे उठून पुन्हा विचारायला गेले. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला बाई बाहेर आल्या. लहानच होत्या, थोरलीच्या वयाच्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"मी त्या उमेदवाराचा बाप," काकांनी मुलाचं नाव सांगितलं.

"काका, त्यांनी स्वतः विचारायला हवं होतं."

"दुसऱ्यांदा विचारणार होता. मी विचारू दिलं नाही. आता मी विचारतोय."

बाईंनी हातातल्या यंत्रावर बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा जरा उतरला. "ती जागा भरली, काका. बरेच दिवस झाले. साहेबांनी दुसऱ्या एकाला घेतलं."

"मग आमच्या पोराला शहर सोडू नको म्हणालात ते?"

"तो रुजू होईपर्यंत एक-दोघांना हाताशी ठेवतो आम्ही. ऐन वेळी तो आला नाही तर काम अडू नये म्हणून."

"आणि तो आला?"

"आला." त्यांनी कोणत्या आठवड्यात ते सांगितलं. काकांनी तो आठवडा ओळखला. धाकट्याने दोन ओळी पुसल्या, त्याच्याही आधीचा.

"मग हाताशी ठेवलेल्यांना नंतर सोडत नाही का?"

"'नाही' कळवायची तशी पद्धत नाही आमच्याकडे. बरेच दिवस काही आलं नाही की लोक आपलं आपण समजतात."

"आम्ही नाही समजलो, बाई."

बाई घाईघाईने म्हणाल्या, "पण त्यांनी आणखी एक मेसेज केला असता ना, तर मी सांगितलं असतं. जे विचारतात त्यांना मी त्याच दिवशी सांगते. खरंच सांगते, काका."

"खरं सांगत असाल," काका म्हणाले. "त्याच दिवशी तो आईकडे गेला असता. ती तेव्हा होती. बोलत होती."

आजूबाजूला मऊ खुर्च्यांवर दोन-तीन तरुण इस्त्रीचे कपडे घालून बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

"मी भांडायला नाही आलो," काका म्हणाले. "सगळं तुमच्यावर टाकून मला मोकळं होता येणार नाही. तुम्ही मला थांबवलंत, मी तिला थांबवलं. पण एक सांगा. असे हाताशी ठेवलेले अजून कितीजण आहेत?"

"आहेत," बाई म्हणाल्या.

"त्यातल्या एकाला माझ्यासमोर फोन लावा. 'नाही' एवढंच सांगा."

"काका, वरून परवानगी..."

"'नाही' म्हणायला परवानगी लागते, आणि माणसं लटकवायला लागत नाही?"

बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि एक क्रमांक लावला. पहिल्याच घंटीला कुणीतरी उचलला. बाईंनी सांगितलं, चाचरत सांगितलं. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, काकांनाही ऐकू गेला. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. दुसरीकडे मला उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय, तुमच्यासाठी अडवून ठेवलं होतं. आता हो म्हणते. आभारी आहे हं."

बाईंनी फोन खाली ठेवला. "आभार मानले," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "'नाही' म्हटल्यावर." मग डोळे पुसून त्यांनी दुसरा क्रमांक लावायला घेतला.

काका उठले. "मी पुढच्या आठवड्यात येतो."

"कशासाठी, काका?"

"विचारायला. बाकीच्यांना कळवलंत का ते. नसेल कळवलं तर त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा येईन."

घरी येऊन ते धाकट्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "नाही म्हणाले रे." आणि मग तो आठवडाही सांगितला. लपवता आला असता, लपवला नाही. धाकटा म्हणाला, "तो मेसेज मी पाठवायला हवा होता." काका म्हणाले, "मी पाठवू द्यायला हवा होता." त्यापलीकडे त्या दोघांना एकमेकांना द्यायला काही नव्हतं. पण त्या दिवशी पोरगा जेवला.

काका पुढच्या आठवड्यात गेले. त्याच्या पुढच्याही गेले. पहारेकरी कधी बाहेरच उभं करतो, कधी कुणी हसतं, कुणी त्यांना येताना बघून फोन कानाला लावतं. काका उभे राहतात आणि पुन्हा विचारतात. त्या बाई हल्ली रोज कामाच्या आधी दोन-चार जणांना "नाही" सांगून टाकतात म्हणे, परवानगीवाचून. गल्लीतली पोरंही आपले रखडलेले अर्ज घेऊन काकांकडे येतात, आणि काका त्यांना समोर बसवून फोन लावायला लावतात. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

मंडळी, 'कळवतो' म्हणून माणसं लटकवायच्या या रूढीवर कुठल्या कायद्यात कलम सापडायचं नाही. तिच्यात रक्त सांडत नाही, आवाजही होत नाही. म्हणून तर ती मोठमोठ्या कचेऱ्यांत नांदते आणि आपल्या घरातही पाट मांडून बसते.

तुमच्या घरातलं एखादं माणूस तुम्हाला तेच तेच विचारत असेल. तुम्हाला कंटाळा येईल, तोंडून काही जाईल. आणि मग एक दिवस ते माणूस विचारायचं थांबेल. त्या दिवशी तुम्हाला हायसं वाटायला लागलं, तर तेवढ्यापुरती त्या बाईची आठवण करा. ती दाराकडे तोंड करून पडली होती, आणि तिचा तुमच्यासारख्याच एका भल्या माणसावर पुरता विश्वास होता, की तो कळवेल.